तळघरातील बिअर

फराळाच्या वेळी बिअरचा विषय काढला म्हणून वडीलधाऱ्यांनी रागावू नये. मला ओढ आहे ती पेयाची नव्हे, त्याच्या कायद्याची.

१९२० साली अमेरिकेत दारूबंदी आली. बिअर गेली, पण मोड आणून वाळवलेल्या सातूचा पाक वाण्याकडे उघड मिळत राहिला. म्हणे, पाव भाजण्यासाठी! एवढे पाव कोण खात होते, देव जाणे. नवशिके तो पाक पाण्यात उकळीत, कडवटपणासाठी हॉप्सची फुले घालीत, निववून त्यात यीस्ट सोडीत. आंबणे पुरे होण्याआधीच उतावीळपणे बाटल्या भरून बुचे ठोकली, की वायू कोंडे आणि तळघरात बाटल्या फुटत. आंबोळीचे पीठ उतू गेलेले पाहिलेल्या गृहिणींना हे निराळे सांगायला नको.

१९३३ साली बंदी उठली. घरगुती वाइनला मोकळीक मिळाली, बिअर मात्र बेकायदाच राहिली. ब्रिटनमधील १८८० पासूनचा घरगुती परवाना १९६३ साली रद्द झाला. अमेरिकन गृहस्थाला मात्र स्वतःच्या चुलीवर निर्धास्तपणे पातेले चढवण्यासाठी १९७८ मधील अध्यक्ष कार्टर यांच्या सहीची वाट पाहावी लागली. तीही राज्यांच्या मर्जीवर! अलाबामा आणि मिसिसिपी २०१३ पर्यंत अडून बसली होती.