बटाट्याची कुळकथा

गहू-तांदूळ ज्या दिवशी वर्ज्य, त्या एकादशीच्या पानातही बटाटा मानाने बसतो. इतका आपला झालेला हा पाहुणा आला कोठून? नावावरून शोधावे तर पहिल्याच पायरीला पाय घसरतो. 'बटाटा' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, आणि मुळात ते नाव रताळ्याचे!

त्याच्या कुळाचा तंटा पंडितांत जवळजवळ ऐंशी वर्षे चालला. युझेपचुक आणि बुकासोव्ह या रशियन शास्त्रज्ञांनी १९२९ साली सांगितले, की युरोपातला बटाटा दक्षिण चिलीचा. इंग्लंडचे सॅलमन व हॉक्स म्हणाले, छे, तो अँडीज पर्वतातला. १८४५ नंतरच्या करपा रोगाने तो बुडाला आणि चिलीचा मागाहून आला. या पक्षाचा एक साक्षीदार आपल्याकडचाच होता. हिंदुस्थानातले फुलव्यासारखे जुने वाण म्हणजे त्या अँडीजच्या बटाट्याचे उरलेले वंशज, असे मानले जाई.

साक्ष तपासायची कशी? पान, फूल, सालीचा रंग यांवर सारी भिस्त. आणि ती तर हवामानानेही बदलतात. १९८४ साली लेस्टर येथे ॲलेक जेफ्रीज यांनी माणसाचा डीएनए-ठसा काढला, आणि पुढे तीच युक्ती शेतात आली. डीएनएमध्ये काही अक्षरे जपमाळेच्या मण्यांसारखी पुन्हा पुन्हा येतात. किती वेळा, हे वाणागणिक निराळे. अशा अनेक जागा मोजल्या, की वाणाचा ठसा मिळतो. बटाटा तर बियांऐवजी डोळ्यांपासून लावतात, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या ठसा जवळजवळ तोच राहतो. शिवाय पानातल्या हरितकणांच्या डीएनएमध्ये एक खूण आहे. चिलीच्या बहुतेक बटाट्यांत २४१ अक्षरे गळालेली असतात, अँडीजच्या बहुतेकांत ती शाबूत.

२००५ साली डेव्हिड स्पूनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी वाणांचे ठसे काढले, आणि साक्षीदार फितूर झाला! ते निघाले चिलीच्या कुळातले.

रशियन पक्ष जिंकला म्हणावा, तर तसेही नाही. २००८ साली मर्सिडीज एम्स आणि स्पूनर यांनी वनस्पतिसंग्रहांत कागदावर चिकटवून ठेवलेल्या ४९ जुन्या वाळक्या नमुन्यांतून डीएनए काढला. (जपून ठेवणाऱ्या त्या अनाम कारकुनांचे मला फार कौतुक वाटते.) अठराव्या शतकात युरोपात अँडीजचाच बटाटा अधिक होता. चिलीचा १८११ पासून दिसतो, म्हणजे करप्याच्या पुष्कळ आधी. आणि करप्याने बुडाला म्हणून ज्याचे सुतक पाळले, तो अँडीजचा बटाटा १८९२ पर्यंत युरोपच्या मातीत सुखाने नांदत होता.