अ‍ॅक्टिन-नियामक प्रथिने आणि कर्करोग

पेशीतील अ‍ॅक्टिन या प्रथिनाचे तंतू वाढवणारी, तोडणारी किंवा एकत्र बांधणारी प्रथिने. त्यांचा तोल बिघडला की कर्करोगाची पेशी जागा सोडून हिंडू लागते. रुग्णाच्या जिवाला मूळ गाठीपेक्षा या हिंडण्याचाच धोका बहुधा मोठा असतो.

अ‍ॅक्टिनचा तंतू सुमारे ७ नॅनोमीटर जाड असतो. प्रोफिलिन त्याला नवे कण पुरवते, कोफिलिन जुना तंतू तोडते, एआरपी २/३ संकुल त्याला सुमारे ७० अंशांच्या कोनात फाटा फोडते. फॅसिन तंतूंची घट्ट जुडी बांधते. या जुडीच्या जोरावर पेशीच्या कडेतून बोटांसारखे बारीक कोंब निघतात, पुढची जागा चाचपतात आणि पेशी त्या दिशेने सरकते. निरोगी अस्तरपेशींत फॅसिन फारसे नसते. अनेक कर्करोगांत ते भरपूर आढळते.

रायगड जिल्ह्यात, खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ संस्थेत मिलिंद वैद्य व सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगात फॅसिनचा अभ्यास केला (२०१२). फॅसिन वाढवलेल्या पेशी अधिक सरकल्या, अधिक आत घुसल्या. रुग्णांच्या नमुन्यांत फॅसिन जास्त असणे आणि रोग लसीका ग्रंथींपर्यंत पोचणे यांचा संबंध दिसला. तंबाखू, मिश्री, गुटख्याने पोळलेल्या महाराष्ट्रात या कामाचे मोल विशेष आहे.

थेट अ‍ॅक्टिनवर घाव घालणारे औषध हृदयाला व स्नायूंनाही बाधते. म्हणून फॅसिनसारखा एकेक नियामक रोखण्याचे प्रयत्न चालू आहेत.