आधी बेत, मग कात्री

तुमच्यापैकी ज्या शिवणकाम करतात त्यांना ठाऊक आहे, कापडाला कात्री लावण्याआधी ब्लाऊज बेतावा लागतो. मापं घ्यायची, खडूनं खुणा करायच्या, मगच कापायचं. बेत चुकला तर कापड वाया. काही शाळांमध्ये मुली आठवी-नववीत संगणकावर ‘कॅड’ शिकतात, ते हेच बेतणं. ब्लाऊजऐवजी तिथं टेबल, बिजागरी, नाहीतर घर बेततात. हे बेतणं आजवर कुणाच्या हातात होतं, ते आज सांगते.

सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये मेझिएरच्या लष्करी शाळेत गास्पार मोंज नावाचा तरुण गणिती होता. एखादी वस्तू समोरून कशी दिसते, वरून कशी दिसते, हे नेमक्या मापात कागदावर मांडायची रीत त्यानं बसवली. किल्ले बांधायला ती इतकी उपयोगी पडली की लष्करानं ती गुपित ठेवली. १७९५ साली पॅरिसमध्ये त्यानं ती उघडपणे शिकवली.

पुढं कारखाने वाढले, तसे नकाशेही वाढले. स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीकाठी मोठमोठी जहाजं बांधत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या नकाशांच्या कचेऱ्यांत बायका कामाला लागल्या. पुरुषांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा त्या पातळ कापडावर शाईनं गिरवायच्या. त्यावरून निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांच्या प्रती निघत आणि त्या पाहून कारागीर काम करत. या बायकांना ‘ट्रेसर’ म्हणत. हात त्यांचा सुबक, पण माप ठरवायचं दुसऱ्यानं.

१९६३ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेतल्या आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्यानं ‘स्केचपॅड’ तयार केला. पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीनं रेघ ओढायची. या दोन रेघा समांतर ठेव म्हटलं, की संगणक तशा ठेवायचा. मूळ आकृती बदलली, की तिच्या सगळ्या प्रती आपोआप बदलायच्या. पण तो संगणक अवाढव्य होता. १९८२ साली ऑटोकॅड आलं, ते टेबलावरच्या छोट्या संगणकावर चालायचं. आज टिंकरकॅडसारखं साधन शाळेतल्या मुलांना इंटरनेटवर फुकट वापरता येतं.

हा धागा आपल्याकडेही पोचला आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करत शिकायचं, ही तिथली पद्धत. २००२ साली त्याच एमआयटीच्या सहकार्यानं तिथं ‘फॅब लॅब’ उभी राहिली. संगणकावर काढलेली आकृती यंत्राला द्यायची, यंत्र ती कापून देतं.

मुलगी सुरुवातीला काय शिकते? रेघ, चौकोन, वर्तुळ, आणि प्रत्येकाचं माप मिलिमीटरमध्ये. चौकोनाला उंची दिली की ठोकळा होतो. त्यातून वर्तुळ आरपार वजा केलं की भोक पडतं. डब्यावर झाकण बसायचं तर आतून ते किंचित मोठं हवं, हेही तिथं कळतं. आपण शिलाईसाठी जादा कापड सोडतो, तसंच हे. म्हणून म्हणते, हे तुम्हाला परकं नाही.

माझीच गोष्ट सांगते. आमच्या घराचा नकाशा झाला तेव्हा मला कुणी विचारलं नाही. ओटा इतका उंच झाला की पोळ्या लाटताना आजही खांदे भरून येतात. नकाशात ती एक रेघ होती. तेव्हाच खोडली असती तर एक पैसा लागला नसता. आता ओटा फोडायचा तर गवंडी बोलवा, फरशी आणा. पण नकाशा मला वाचताच येत नव्हता, मग बोलणार काय?

शाळेत संगणक थोडे आणि मुलं फार. अशा वेळी माऊस मुलाच्या हाती जातो आणि मुलगी शेजारी बसून वहीतली मापं वाचून दाखवते. म्हणजे शंभर वर्षांनंतर पुन्हा ट्रेसरच! पालकसभेला जाल तेव्हा गुणांबरोबर हेही विचारा, की मुलींची पाळी कधी येते. आणि आज संध्याकाळी लेक घरी आली की एवढंच विचारा, “आज माऊस कुणाच्या हातात होता गं?”