तीव्र उदरवेदना आणि वेदनाशामकाचा निषेध : एका वैद्यकीय संकेताचा इतिहास

तीव्र पोटदुखीच्या रुग्णास निदान निश्चित होईपर्यंत वेदनाशामक देऊ नये, हा संकेत विसाव्या शतकात वैद्यकीय शिक्षणातील जणू धर्माज्ञाच होऊन बसला होता. त्याच्या प्रसारात ब्रिटिश शल्यविशारद झॅकरी कोप यांच्या १९२१ मधील ग्रंथाचा वाटा मोठा आहे. महायुद्धकाळात मेसोपोटेमियात सेवा बजावलेल्या कोप यांची भिस्त उपकरणांवर नव्हती. वेदना कोठे सुरू झाली, कोठे सरकली, हे विचारावे आणि पोट हाताने तपासावे, ही त्यांची पद्धती. एरवी निरोगी माणसाचे पोट सहा तासांहून अधिक काळ तीव्रतेने दुखत राहिल्यास कारण बहुधा शस्त्रक्रियेचेच असते, हे त्यांचे सूत्र साधनहीन दवाखान्यात आजही उपयोगी आहे.

मॉर्फिनला त्यांचा विरोध होता, तो निर्दयतेपोटी नव्हे. सोनोग्राफी वा सीटी स्कॅन नसलेल्या त्या काळात वेदना आणि पोटाचा ताठरपणा हेच प्रमुख साक्षीदार होते. ते गप्प झाले तर आतडे फुटल्याचेही कळणार नाही, ही भीती रास्त होती. खेदाची बाब ही की, परिस्थिती पालटल्यावरही संकेत टिकला. तो तपासून पाहण्याची गरज फारशी कोणास वाटली नाही. १९९२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये शंभर रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. अफूजन्य औषधाने वेदना कमी झाली, निदान मात्र बिघडले नाही. पुढील अभ्यासांनी त्यास दुजोरा दिला.

भारतात या ज्ञानाच्या वाटेत वेगळाच अडसर होता. गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ नंतर मॉर्फिन बाळगणे परवान्यांच्या जंजाळात अडकले. २०१४ च्या दुरुस्तीने ते काहीसे सुटसुटीत झाले. म्हणजे डॉक्टरांची भीती ओसरू लागली, तेव्हा कपाटात औषधच नव्हते.

अर्थात वेदनाशमन म्हणजे उपचार नव्हे. ० ते ६९ वयोगटात तीव्र उदरविकारांनी २०१० साली भारतात सुमारे ७२,००० मृत्यू झाले, असा अंदाज 'मिलियन डेथ स्टडी'च्या आधारे मांडला गेला. त्यांतील ८७ टक्के ग्रामीण भागातील होते, तर ७१ टक्के मृत्यू घरीच झाले. सुसज्ज जिल्हा रुग्णालयापासूनचे अंतर वाढले की धोकाही वाढत असल्याचे त्यात आढळले. जागतिक शस्त्रक्रियाविषयक लॅन्सेट आयोगाने २०१५ मध्ये, उदरच्छेदनाची सोय दोन तासांच्या अंतरात असावी, असा निकष सुचविला.