मूत्राच्या रंगापासून रक्ताच्या थेंबापर्यंत

मधुमेहाची परीक्षा घरच्या घरी करणे ही आजच्या यंत्रयुगाची देणगी होय, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धाव घेतात, हे चिन्ह चरकसंहितेत नोंदलेले आहे, आणि ते पाहावयास कोणतेही उपकरण लागत नसे. इंग्लंडात 1674 मध्ये टॉमस विलिस यांनी मूत्राच्या गोडीचा उल्लेख केला. 1776 मध्ये मॅथ्यू डॉब्सन यांनी मूत्र आटवून ती गोडी साखरेचीच असल्याचे दाखविले, आणि रक्तरसही गोडसर असल्याचे नमूद केले.

पुढे 1908 मध्ये अमेरिकन रसायनज्ञ स्टॅन्ले बेनेडिक्ट यांचे निळे द्रावण आले. परीक्षानळीत ते द्रावण घ्यावे, मूत्राचे आठ थेंब टाकावे व स्पिरिटच्या दिव्यावर तापवावे. रंग हिरवा, पिवळा, अखेर विटकरी होत जाई, तसतशी साखर अधिक समजावी. निळा रंग कायम राहिला की घरातील मंडळी निश्चिंत होत. धोका नेमका येथेच होता. रक्तातील साखर शंभर मिलिलिटरमागे सुमारे 180 मिलिग्रॅमच्या वर गेल्यावाचून मूत्रपिंडे ती सहसा बाहेर टाकीत नाहीत. म्हणजे मूत्र निर्दोष दिसत असताही रोग आत बळावत असू शकतो. उलटपक्षी, प्रसूत स्त्रीच्या मूत्रातील दुग्धशर्करेनेही हाच रंग पालटतो, आणि निरोगी स्त्रीस व्यर्थ घोर लागतो.

1956 साली आलेल्या कागदी पट्टीने यातील दुसरा दोष दूर केला. पहिला तसाच राहिला. तो रक्ताची परीक्षा घरात आल्यावरच हटला. 1970 च्या सुमारास निघालेले रक्तशर्करामापक यंत्र केवळ डॉक्टरांसाठी होते. रिचर्ड बर्न्स्टाईन या मधुमेही अभियंत्याने डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावे ते मिळविले, दिवसातून अनेक वेळा रक्त तपासले, आणि त्या नोंदींच्या आधारे आहार व इन्सुलिन यांचा मेळ बसविला. त्यांचा लाभ झाला तो एखाद्या आकड्याने नव्हे, आकड्यांच्या मालिकेने.

हा इतिहास आजही मार्गदर्शक आहे. 2013 च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे 100 मिलिग्रॅमपासून वरच्या आकड्यांत 15 टक्क्यांपर्यंतचा फरक ग्राह्य धरला जातो. प्रत्यक्षातील 200 हा आकडा यंत्रावर 170 किंवा 230 दिसू शकेल. सबब दहापाच मिलिग्रॅमच्या चढउताराने हुरळू नये वा खचू नये. फळ कापलेल्या हाताची साखरही रक्ताच्या थेंबात मिसळते, म्हणून हात धुऊन कोरडे करावे. पट्टीची मुदत पाहावी. रोगाचे निदान प्रयोगशाळेवर सोपवावे, आणि गेल्या दोनतीन महिन्यांचा अंदाज हवा असल्यास एचबीए1सी ही परीक्षा करावी.

बदलीच्या नोकरीत गाव बदलते, डॉक्टर बदलतात. तारीख, वेळ, जेवणापूर्वी की नंतर, एवढे टिपलेली साधी वही मात्र सामानाबरोबर सर्वत्र नेता येते. नव्या डॉक्टरांस यंत्रातील शेवटच्या आकड्यापेक्षा तीच अधिक उपयोगी पडते.