बहिरी : भैरव की ससाणा?

1494 साली अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) वसविणाऱ्या मलिक अहमदचा पिता मलिक हसन ‘बहिरी’ या नावाने ओळखला जाई. फिरिश्ता लिहितो की, हसन मूळचा तिमाभट, पाथरीच्या बहिरू कुळकर्ण्याचा मुलगा. विजयनगरच्या मुलखात तो बहमनी फौजेच्या हाती लागला आणि मुसलमान झाला. शहजाद्याला ‘बहिरू’ उच्चारता येईना, म्हणून ‘बहिरी’. फिरिश्ता स्वतः अहमदनगरच्या दरबारात वाढलेला; तेव्हा ही कथा राजघराण्यातच सांगितली जात असणार.

दुसरे मत असे की, हसनकडे दरबारच्या ससाण्यांची देखरेख होती. अरबी ‘बहर’ म्हणजे समुद्र. त्यावरून ‘बहरी’ हे शिकारी ससाण्याचे नाव. आपणही ‘बहिरी ससाणा’ म्हणतोच.

आम्हांला या दोन व्युत्पत्ती एकमेकींच्या वैरिणी वाटत नाहीत. भैरवातला ‘ह’कार सुटा करून मराठीने बहिरव, बहिरोबा, बहिर्जी अशी नावे आधीच घडविली होती. त्या ‘बहिरू’त फारसी कानाला ओळखीचा पक्षी ऐकू आला असावा, त्यासाठी शहजाद्याची जीभ अडखळायलाच हवी असे नाही.

बापाचे नाव मात्र घराणे विसरले नाही. पाथरीसाठी निजामशाहीने वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढाई केली, आणि ती हाती आल्यावर, फिरिश्त्याच्याच सांगण्यानुसार, तिथल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिले.