सांकवाळ : संताचे गाव, दैवतांचे गाव

संताचे गाव म्हणजे काय, हे मराठवाड्यात राहणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. चिकलठाण्याहून पैठण काही फार दूर नाही. आपेगावही त्याच गोदाकाठचे. अशा गावी आपण घाट, वाडा, समाधी पाहतो आणि चरित्रातील कथा त्या त्या जागी मनाशी बसवून घेतो. हीच सवय घेऊन आम्ही गोव्यातील सांकवाळ पायी पाहिले, तेव्हा तिची मर्यादा ध्यानात आली. या गावाचा इतिहास एका संताच्या चरित्रात मावत नाही. आणि गावाच्या उर्वरित इतिहासावाचून त्या चरित्राचा अर्थही पुरता लागत नाही.

सांकवाळ हे जुवारी नदीच्या दक्षिण काठी, मुरगाव तालुक्यातील गाव. पूर्वी ते साष्टीत मोडत असे. गोमंतकीय ज्यांना जुझे वाझ म्हणतात त्या संत जोसेफ वाझ यांचे हे पितृग्राम. त्यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी आजोळी, बाणावलीत झाला. पण प्राथमिक शिक्षण, पोर्तुगीज भाषेचे पहिले धडे आणि १६७६ साली धर्मगुरूची दीक्षा घेतल्यानंतर त्यांनी चालविलेली लॅटिनची शाळा हे सारे सांकवाळचे. त्यांच्या नावाचे तीर्थस्थान आज गावात असून दरवर्षी १६ जानेवारीला, त्यांच्या पुण्यतिथीस, तेथे फेस्त भरते.

गावात हिंडताना डोळ्यांत भरते ती मात्र एक एकाकी भिंत. आरोग्यमातेच्या जुन्या चर्चचा हा दर्शनी भाग. १८३४ च्या आगीत चर्च जळाले आणि एवढेच मागे उरले. आज ही राज्य-संरक्षित वास्तू आहे. कोरीव कमानी आणि कोनाडे शाबूत आहेत. मागे मात्र केवळ आकाश. आरोग्यमातेच्या चर्चची पुढे गावात नवी वास्तू उभी राहिली.

या भिंतीपाशी थांबल्यावर आणखी एक शतक मागे जावे लागते. गावाचे जुने नाव शंखावली. लक्ष्मीनृसिंह, शांतादुर्गा आणि विजयादुर्गा ही येथील दैवते. १५६७ मध्ये रायतूर किल्ल्याचा कप्तान दिओगो रॉड्रिग्स याने साष्टीतील देवळांचा विध्वंस आरंभिला, तेव्हा भाविकांनी आपली दैवते जुवारीपलीकडे, पोर्तुगीज अमलाबाहेरच्या अंत्रुज महालात नेली. लक्ष्मीनृसिंह वेलिंगला गेला, विजयादुर्गा केरीला. त्यांची देवळे आजही तेथे नांदती आहेत. आणि मूळ गावाची आठवण त्या कुळांनी टाकलेली नाही.

म्हणजे जोसेफ वाझ जन्मले तेव्हा या घटनेला पुरते शतकही उलटले नव्हते. ज्या समाजात ते वाढले त्याने धर्म बदलला होता. भाषा बदलली नव्हती. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ याच साष्टीत, रायतूरला १६१६ साली छापले गेले, हे मराठीच्या अभ्यासकांस ठाऊक आहेच. परंतु १६८४ मध्ये व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्हर याने फर्मान काढून स्थानिक भाषा सोडण्यासाठी आणि पोर्तुगीज आत्मसात करण्यासाठी तीन वर्षांची मुदत दिली.

ही मुदत संपण्याच्या वर्षी, १६८७ मध्ये, जोसेफ वाझ गरीब मजुराच्या वेषात श्रीलंकेत उतरले होते. डचांनी तेथून पोर्तुगीजांना हुसकावून कॅथलिक उपासनेवर बंदी घातली होती; धर्मगुरूला तर प्रवेशच नव्हता. वाझ यांनी तमिळ शिकून घेतली, पुढे सिंहलीही. रात्री, आडबाजूच्या घरांतून ते प्रार्थना चालवीत. १६९२ मध्ये कँडीच्या राज्यात पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैद झाली. पण अखेर त्यांना आश्रय दिला तो तेथील बौद्ध राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने. १६९७ च्या देवीच्या साथीत त्यांनी केलेली रुग्णसेवा राजाच्याही नजरेत भरली. १७११ मध्ये कँडीतच त्यांचा देह पडला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ मध्ये त्यांना धन्य आणि पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी संत घोषित केले. दोन्ही समारंभ कोलंबोत झाले.

आमच्या मते सांकवाळच्या फेरीचे मर्म येथे आहे. ज्या गावातून सत्तेच्या धाकाने देव रातोरात नदीपार न्यावे लागले, त्याच गावच्या एका पुत्राला दुसऱ्या एका युरोपीय सत्तेच्या धाकाने आपला देव लपवून न्यावा लागला. आणि दोघांनाही आसरा मिळाला तो त्या सत्तेच्या हद्दीबाहेर, परधर्मी राजाच्या मुलखात. अंत्रुज तेव्हा आदिलशाहीत होता, हे विसरून चालणार नाही.

या अवशेषाच्या परिसरावरून अलीकडे वाद झाले आहेत. एक बाजू देवळाचे स्मरण करते, दुसरी चर्चचे. स्मरणे दोन्ही खरी आहेत. वेलिंग आणि केरीची आठवण पुसून संताचा गौरव करणे जितके अपुरे, तितकेच त्या विध्वंसाचा जाब जवळपास शतकानंतर जन्मलेल्या, आणि स्वतःच छळ सोसलेल्या, एका व्रतस्थाकडे मागणे अन्यायाचे.

आज गावाच्या अंगावर औद्योगिक वसाहत चढली आहे. चिकलठाण्याच्या रहिवाशांना हे दृश्य परिचयाचे आहे. कारखान्यांच्या रेट्यात गावाचे जुने नावदेखील दोन-तीन पिढ्यांत नाहीसे होऊ शकते. म्हणून येथे जाणाऱ्याने तीर्थस्थान पाहून परतू नये. भिंतीपाशी थोडे थांबावे. जमल्यास जुवारी ओलांडून वेलिंगलाही जावे. सांकवाळचा निम्मा इतिहास पलीकडच्या तीरावर आहे.